झेंडूच्या पाकळ्या आणि नवं कार्ड

एका विणकरांच्या गावात देवयानी कोष्टी नावाची एक मुलगी राहायची. तिच्या दारात गाडी नव्हती, पण तिच्याइतक्या वेगात गाडी अख्ख्या गावात कुणी चालवत नव्हतं. ही गाडी कॉम्प्युटरच्या पडद्यावर धावायची. घाट, वळणं, दरी, सगळं पडद्यावरच. कॉम्प्युटर मामाने वापरून दिलेला, जुना. पण गाडी पळत होती तोवर देवयानीची काही तक्रार नव्हती.

जिल्ह्याच्या गेमिंग स्पर्धेसाठी कॉलेजच्या संघात एकच जागा उरली होती. दावेदार दोन, देवयानी आणि तिच्याच वर्गातला हर्षवर्धन. कुंभार सरांनी ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीआधी दोघांनी आपापला कॉम्प्युटर हॉलमध्ये आणायचा आणि शर्यत लावायची. जिंकेल तो संघात.

आणि नेमका दसरा झाला न झाला तोच देवयानीचा कॉम्प्युटर अडखळू लागला. गाडी सुरुवातीला सुसाट सुटायची. मग चित्र थांबत थांबत सरकायचं. वळण मागे गेल्यावर गाडी वळायची आणि दरीत जायची.

देवयानी कॉम्प्युटर उचलून बन्सीशेठच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात गेली. शेठनी त्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

"म्हातारा झाला हा, ताई. नवं ग्राफिक्स कार्ड टाका. चित्र रंगवायचं काम त्याचंच. हर्षवर्धन कालच घेऊन गेला, सगळ्यात मोठं."

"न उघडता कसं कळलं?"

"अनुभव, ताई, अनुभव! डॉक्टर काय प्रत्येकाचं पोट फाडून बघतो?"

"नाडी तरी बघतो ना, शेठ?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. शेठ हसले नाहीत. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक कुठल्याच दुकानदाराला आवडत नाही. मान डोलवणारं आवडतं. अशा डोलणाऱ्या मानांवरच तर दुकानांचे मजले चढतात.

बाहेर हर्षवर्धन भेटला. "काय देवे, शर्यतीला बैलगाडी आणतेस की काय? दोन पेंढ्या कडबा ठेवू का हॉलमध्ये?"

हे मात्र तिला लागलं. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात नवं कार्ड फिरत होतं.

घरी आई चकल्या पाडत होती. ती दिवाळीचा फराळ करून विकायची. वर्षानुवर्षं सोऱ्या दाबून तिचा उजवा खांदा धरला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. यंदा विजेवर चालणारं चकलीचं मशीन घ्यायचं म्हणून तिने पैसे बाजूला ठेवले होते. लेकीचा उतरलेला चेहरा बघून तिने सगळं विचारून घेतलं आणि हात पुसले.

"चकलीचं मशीन पुढच्या दिवाळीला घेऊ. तू तुझं कार्ड घेऊन ये."

देवयानीचा हात पुढे झाला. खोटं कशाला सांगा, झालाच. तेवढ्यात आईने फळीवरचा डबा काढण्यासाठी डावा हात वर केला. उजव्याने तो निघत नव्हता. देवयानीने आपला हात मागे घेतला.

"राहू दे, आई. काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मी तुझा खांदा विकणार नाही."

ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि शेठनी जे केलं नव्हतं ते करू लागली. विचार. हाच गेम याच कॉम्प्युटरवर दसऱ्यापर्यंत सुरळीत चालत होता. कार्ड काय दसऱ्याचा मुहूर्त बघून म्हातारं होतं? आणि कार्ड कमी पडत असतं, तर पहिल्या वळणापासूनच कमी पडलं असतं. इथे सुरुवात झकास होती, बिघाड नंतर होता. तिने गेम लावला आणि खोक्याच्या कुशीला हात लावून बसली. गाडी अडखळू लागली तेव्हा कूस तव्यासारखी तापली होती. कॉम्प्युटर म्हातारा नव्हता. त्याला ताप भरला होता. फार तापला की तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करत होता.

तिने तो बंद केला, वायर काढली आणि स्क्रू सोडून झाकण उघडलं. आत झेंडू होता.

पंख्यात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, पंख्यामागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांत पाकळ्या, त्यांवर कुंकू आणि धुळीचा थर. दसऱ्याला विणकरांच्या गावात यंत्रांची पूजा होते. आईने मिक्सरची केली, तशीच कॉम्प्युटरचीही केली. हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, समोर झेंडूचा हार घातला. पूजेला माग थांबलेला असावा, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. आई तसं म्हणालीही होती. पण तेव्हा देवयानीचा गेम डाउनलोड होत होता, म्हणून तिने कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. खोक्याची पुढची जाळी आधीच फाटलेली. चालू पंख्याने हारातल्या पाकळ्या आत ओढून घेतल्या.

"अगं बाई! म्हणजे माझीच फुलं?" आईने कपाळाला हात लावला.

"फुलं तुझी, चूक माझी. तू बंद कर म्हणालीस, मी ऐकलं नाही."

देवयानीने कोरड्या ब्रशने पाकळी न् पाकळी काढली. फाटक्या जाळीच्या जागी मच्छरदाणीचा तुकडा बसवला. गेम लावला. गाडी घाटात अशी सुटली की आईसुद्धा चकल्या सोडून बघत राहिली.

फक्त एका जागी अजून किंचित धक्का बसत होता, नवा रस्ता उघडताना. देवयानीने पुन्हा शोधलं. तेवढ्या क्षणाला मेमरी काठोकाठ भरत होती. ती परत दुकानात गेली आणि मेमरीची एक पट्टी मागितली.

"एवढंच?" शेठनी तोंड वाकडं केलं.

"एवढंच कमी आहे, शेठ."

त्या आठवड्यात कोष्ट्यांच्या घरी चकलीचं मशीन आलं आणि आईच्या खांद्याला ऐन दिवाळीत पहिल्यांदा विसावा मिळाला.

शर्यतीच्या दिवशी हॉल भरला. हर्षवर्धनचं खोकं गणपतीच्या मंडपासारखं लखलखत होतं. नवं कार्ड भलंमोठं, पण त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय जुनाच. तो कार्डाला पुरेल का, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही. घरी सपाट रस्त्यांच्या सरावात ते कळलंही नव्हतं. शर्यत सुटली. घाटाच्या चढाला कार्डाने पुरती वीज मागितली आणि खोकं फट्दिशी बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा त्याच चढाला बंद.

कुंभार सर उठले. "हर्षवर्धन बाद. देवयानी, जागा तुझी."

"नको, सर. मला हर्षूला हरवायचंय, त्याच्या खोक्याला नाही. दोघंही माझ्या कॉम्प्युटरवर खेळू, कमी वेळ लागेल तो जिंकला. आधी तो."

हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. हर्षवर्धन लाल झाला. "तुझ्या बैलगाडीवर?"

"बस तर खरा. कडबा मी घातलाय."

तो बसला आणि, मान्य करायला हवं, जन्मात चालवली नव्हती इतकी छान गाडी त्याने चालवली. उठताना त्याचे डोळे विस्फारले होते. मग देवयानी बसली. तीच गाडी, तोच घाट, तोच जुना कॉम्प्युटर. शेवटच्या वळणाला हर्षवर्धनने ब्रेक दाबला होता. देवयानीने दाबला नाही. गाडी दरीच्या काठाला घासून गेली आणि हर्षवर्धनपेक्षा कमी वेळात रेषेपार झाली. हॉल उभा राहिला.

पहिली टाळी हर्षवर्धननेच वाजवली. "मानलं, देवे! कार्ड तरी कुठलं टाकलंस?"

"कुठलंच नाही. फुलं काढली."

मागच्या रांगेत आई उभी राहून हात उंच करून हलवत होती. उजवा हात.

तात्पर्य: नवं आणण्याआधी जुनं उघडून बघावं, जे खरोखर कमी पडतं आणि आपल्या यंत्राला पेलतं तेवढंच घ्यावं. दुसऱ्याच्या टोमण्यापायी केलेली खरेदी ऐन चढावर दगा देते.