विहिरीच्या बाजूचं घरटं

मुलांनो, माळ जिथे संपतो आणि रान जिथे सुरू होतं, तिथे एका विहिरीवर झुकलेली जुनी बाभूळ होती, आणि तिच्यावर सुगरण पक्ष्यांची मोठी वसाहत नांदत असे. आपण त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो खरं, पण घरटं विणतो तो नर. मादी येते, बघते, आणि पसंत पडलं तरच राहते. सगळी मेहनत आपली आणि नाव बाईचं, तरी एकाही नराने आजवर कुरकुर केलेली नाही. समजूतदार मंडळी.

या बाभळीवर विणकामाचं एक उच्च विद्यालय होतं. गवताची पात फाडणं, साधी गाठ मारणं ही धाकटी विद्या पिल्लं घरच्या घरी शिकत. पुढच्या शिक्षणासाठी मात्र लांबलांबचे तरुण नर इथे येत. शिकवायला एक वृद्ध आचार्य होते. सगळ्यात वरच्या फांदीवर एक आदर्श घरटं टांगलेलं असे. त्याच्याकडे बघायची मुभा होती, हात, म्हणजे चोच, लावायची नव्हती. आचार्य पाठ म्हणत आणि मागोमाग सगळा वर्ग म्हणे, "पात हिरवी घ्यावी. फांदीला दुहेरी गाठ द्यावी. घरटं विहिरीच्या बाजूला टांगावं. दार खाली ठेवावं. आत चिखल लिंपावा. चिखलात काजवे चिकटवावे, म्हणजे उजेड पडतो."

परीक्षा याच पाठाची, आणि ती दरवर्षी तीच. आधीच्या वर्षीचे विद्यार्थी नव्यांच्या कानात सांगून ठेवत, "चिखल नक्की येतो. दार कधी कधी येतं. पाती फाडत बसू नकोस, त्यात वेळ जातो."

त्या वर्षीच्या वर्गात एक हुशार, कष्टाळू नर होता. एकदा त्याने भीत भीत विचारलं होतं, "आचार्य, विहिरीच्याच बाजूला का टांगायचं?"

आचार्य रागावले नाहीत. मायेनेच म्हणाले, "बाळ, 'का' परीक्षेला येत नाही. जे येतं ते कर."

त्याने ते ऐकलं. पाठ इतका घोटला की झोपेतही चोच हलायची. परीक्षेत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, आणि तो पहिला आला. आचार्यांनी त्याच्या पिवळ्या माथ्यावर चोच टेकवून आशीर्वाद दिला, आणि त्या दिवसापासून सगळी वसाहत त्याला पहिलेराव म्हणू लागली. आता पहिल्या आलेल्याला जागा तर चांगलीच मिळायला हवी. बाभळीवर दाटी झाली होती, म्हणून पहिलेराव टेकडी ओलांडून पलीकडे गेले. तिथे एक ऐसपैस हिवराचं झाड होतं, आणि झाडाच्या मावळतीला विहीर होती. पहिलेरावांना वाटलं, आपल्यासाठीच कुणीतरी मांडून ठेवलं आहे.

पाठ म्हणत म्हणत त्यांनी घरटं विणलं. पात हिरवी घेतली, गाठ दुहेरी दिली, विहिरीच्या बाजूची फांदी धरली. शिरस्त्राणासारखा वरचा भाग तयार झाला, आणि नराने आता मादीला बोलवायचं, अशी वेळ आली. आपल्याकडे मुलगी बघायला जातात तसं त्यांच्यात घरटं बघायला येतात. पहिलेरावांनी पंख फडफडवून हाका दिल्या, तशी एक तरुण मादी आली, आणि तिच्याबरोबर तिची मावशी आली. मावशीने किती घरट्यांत संसार केला होता ते तिलाच ठाऊक.

शहाणं गिऱ्हाईक दुकानात आलं की कापडाचं वर्णन ऐकत बसत नाही. पदर चिमटीत धरतं, चुरगाळतं, उजेडाकडे नेतं. मावशी तसंच गिऱ्हाईक होती. आल्या आल्या तिने एक पात चोचीत धरून ओढली. पात थोडी निसटली.

"बांधणी बरी आहे," ती म्हणाली. "गाठी जरा घाईतल्या आहेत. पोरी, आत बसून बघ."

भाची आत बसली तोच मावळतीकडून वाऱ्याचा झोत आला. घरटं असं हिंदकळलं की भाची एका बाजूने आत गेली होती ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

"पहिलेराव," मावशीने विचारलं, "हे इकडे का टांगलंत?"

"घरटं विहिरीच्या बाजूला टांगावं, असं आहे," पहिलेराव ताठ मानेने म्हणाले.

"असं आहे, ते कळलं. का आहे?"

मधूनच कुणी विचारलं की पहिलेरावांना पाठाचा धागा सापडत नसे. म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, "पात हिरवी घ्यावी, फांदीला दुहेरी गाठ..."

"पाठ सुरेख येतो हो तुम्हाला," मावशी म्हणाली. "पण माझी भाची अंडी घालणार कुठे? तुमच्या पाठात?"

भाची हसली नाही. तिला पहिलेराव आवडले होते, पण घरटं नाही, आणि अंडी काही आवडीवर ठरत नाहीत. पहिलेराव काकुळतीला आले. "मावशी, उत्तर तुम्हाला माहीत असेल तर सांगा. मी आत्ता बदलतो. हंगाम सरत चालला आहे."

"माहीत आहे," मावशी म्हणाली, "आणि म्हणूनच सांगत नाही. सांगितलं की तुम्ही तेही पाठ कराल. मग पुढच्या झाडावर परत मला शोधत याल. मी किती झाडांना पुरणार?"

जाता जाता भाची एवढंच म्हणाली, "गवत हिरवं आहे तोवर आम्ही पुन्हा एकदा येऊ. हो ना ग मावशी?" मावशी हो म्हणाली नाही. पण नाही असंही म्हणाली नाही.

त्याच दुपारी वारा वाढला, आणि पहिलेरावांचं घरटं गाठीसकट खाली आलं. आता काय होतं ते नीट ऐका. हंगामात घरटं झालं नाही तर त्या नराला ते वर्ष एकट्याने काढावं लागतं. शेजारच्या झाडांवर पिल्लांची चिवचिव सुरू होते आणि आपण नुसतं ऐकायचं. पहिल्या आलेल्याला तर सगळे विचारणार, "पहिलेराव, घरी कोण कोण?" पहिलेराव पडलेल्या घरट्याशेजारी बसून राहिले. रागाने त्यांनी एक पात उपसली, मग दुसरी, मग तिसरी. उपसता उपसता त्यांचा राग कमी झाला आणि डोळे मोठे झाले. कारण आयुष्यात पहिल्यांदाच ते घरट्याला आतून बघत होते. कुठली गाठ ताण धरते, कुठली नुसती दिसायला असते, ते आता त्यांच्या चोचीला कळत होतं.

मग ते उडाले ते थेट जुन्या बाभळीवर गेले. आचार्यांकडे मात्र गेले नाहीत. विद्यार्थी असताना ज्या बाजूला कधी फिरकले नव्हते, त्या मावळतीच्या फांद्यांवर जाऊन बसले. तिथे एकही घरटं नव्हतं. वारा असा तोंडावर येत होता की डोळे मिटावे लागत. झाडाला वळसा घालून ते उगवतीला आले, तर वारा थांबला. सगळं झाड जणू वाऱ्याला पाठ देऊन उभं होतं, आणि त्याच्या आडोशाला सगळी घरटी शांत लोंबत होती. खाली विहीर होती. इथे विहीर उगवतीला होती. हिवराची विहीर मावळतीला होती.

पहिलेराव स्वतःशीच म्हणाले, "अरे, आडोसा हवा होता. विहीर नव्हे."

पण मग दुसरा विचार आला. नुसता आडोसाच हवा असता तर खाली पाणी कशाला? ते बघत राहिले. थोड्या वेळाने एक साप फांदीवर आला, लोंबत्या घरट्याकडे मान काढली, खाली पाणी बघितलं, आणि परत फिरला. आता दोन्ही 'का' त्यांच्या हाती लागले होते.

यावरून आठवलं, एका पेठेत कापडाचं एक दुकान होतं. दुकानदार भारी माल नेहमी दाराच्या डाव्या हाताला मांडायचा, कारण त्याच्या वडिलांच्या दुकानात तसंच मांडत. वडिलांच्या दुकानात उजेड डावीकडून यायचा. याच्या दुकानात उजवीकडून यायचा. बिचारा उमेदीची सगळी वर्षं जरीचा माल अंधारात दाखवत राहिला, आणि गिऱ्हाइकांना पारख नाही म्हणून हळहळत राहिला. पहिलेरावांचं नशीब थोर, त्यांना मावशी भेटली.

ते हिवरावर परतले. उगवतीच्या बाजूला आडोसा होता, पण पाणी नव्हतं. मात्र एका फांदीच्या बरोबर खाली निवडुंगाचं दाट बेट होतं. पहिलेरावांनी बराच वेळ त्या काट्यांकडे बघितलं. पाण्याचं काम हे काटे करतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. पाठात निवडुंग कुठेच नव्हता. तरी त्यांनी तिथे गाठ मारली. पहिली जमली नाही, सोडली. दुसरी मारली. या वेळी पाठ म्हणायला त्यांना सवडच नव्हती, कारण प्रत्येक पात त्यांना काही ना काही विचारत होती.

गवताच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या तेव्हा मावशी आणि भाची पुन्हा आल्या. मावशीने पात ओढली. पात हलली नाही. भाची आत बसली. वारा आला, झाड वाकलं, आणि घरटं पाळण्यासारखं हळूच डोललं.

"विहिरीकडे पाठ फिरवलीत की हो," मावशी म्हणाली. "आचार्य काय म्हणतील?"

"विहिरीशी माझं भांडण नाही," पहिलेराव म्हणाले. "वाऱ्याकडे पाठ केली, विहीर आपोआप मागे राहिली."

"बरं. आणि हा आतला चिखल? काजवे चिकटवायला ना?"

तोंडपाठ उत्तर पहिलेरावांच्या चोचीच्या टोकावर होतं. ते त्यांनी गिळलं. "मी बरीच घरटी आतून बघितली, मावशी. काजवा एकातही नव्हता. मला वाटतं, चिखलाच्या वजनाने घरटं वाऱ्यावर कमी झुलतं. पण खात्री नाही. अजून बघतो आहे."

मावशीने भाचीकडे बघितलं. "पोरी, राहा इथे," ती म्हणाली. "ज्याला सगळं येतं त्याच्याकडे मी तुला देणार नव्हते. हा अजून बघतो आहे."

त्या हंगामात हिवरावर पिल्लं झाली, आणि त्यातलं एक इतकं आगाऊ निघालं की अंड्यातून बाहेर येताच त्याने दार खाली का, असं विचारलं म्हणतात. आईने सांगितलं, "बाबांना विचारू नकोस. पडून बघ, म्हणजे कळेल." पण ते पुढचं.

पिल्लं उडाल्यावर पहिलेराव मावशीचे आभार मानायला गेले. तिला म्हणाले, "मावशी, तुमचं ऋण कसं फेडू?"

"मी काय दिलं?" मावशी म्हणाली. "मी तर नाही म्हणाले."

"तेच दिलंत. हो म्हणणारे मला पुष्कळ भेटले होते."

तिथून ते आचार्यांकडे गेले. वर्ग चालू होता. पहिलेरावांनी आधी आचार्यांच्या पायांशी चोच टेकवली, आणि ते वरवरचं नव्हतं. "आचार्य, तुम्ही पाठ दिलात म्हणून मला 'का' विचारायला काहीतरी होतं," ते म्हणाले. "रिकाम्या डोक्याने मी कशावर प्रश्न केला असता?" मग हिवरावर घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं, घरटं पडलं तेही.

आचार्यांनी खाली विहिरीकडे बघितलं. ज्या पूर्वजाने पहिल्यांदा 'विहिरीच्या बाजूला' म्हटलं, तो नक्कीच वाऱ्यात बसून बघत असेल, असं त्यांच्या मनात आलं असावं. मग उडून ते वरच्या फांदीवर गेले, आदर्श घरट्याची गाठ सोडली, आणि ते खाली विद्यार्थ्यांच्या मधोमध टाकलं.

"उसवा," आचार्य म्हणाले. "आणि या वर्षीची परीक्षा टेकडीपलीकडे, ज्याला त्याला वेगळं झाड."

मागच्या रांगेतला एक विद्यार्थी घाबरून म्हणाला, "पण आचार्य, प्रश्न कोण काढणार? यंदा काय येणार ते कुणाला विचारायचं?"

आचार्य हसले. त्यांनी पहिलेरावांकडे बघितलं. पहिलेराव म्हणाले, "प्रश्न वारा काढेल. तो कुणाला आधी सांगत नाही."

तात्पर्य : पाठ केलेलं उत्तर ज्या झाडाखाली पाठ केलं तिथेच चालतं, स्वतः शोधलेलं 'का' कुठल्याही झाडावर बरोबर येतं, आणि ते शोधायला जो आपल्याला भाग पाडतो, त्याचे उपकार कधी विसरू नयेत.