ठकूकाकूची न विझणारी चूल

फार फार पूर्वी, काड्यापेटी कुणी पाहिलीही नव्हती तेव्हा, डोंगरावरच्या एका गारेगार गावात एक ठकूकाकू राहायची. तिची चूल कधी म्हणून विझत नसे. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे फुंकर घातली की जाळ तयार! गावच्या बाया गोवरी घेऊन तिच्या दारी विस्तव मागायला येत. काकू विस्तव द्यायची, वर एक टोमणाही द्यायची.

"काय गं शेवंता, आजही विझली? चूल आहे का पाहुणी?"

समोरच्या घरातली शेवंता बिचारी मान खाली घालून गोवरी पुढे करी.

एका थंडीत काकूच्या धुराड्याचा सांधा उकलला. धूर छपराबाहेर जायचा सोडून घरातच कोंडू लागला. काकूने चिकणमातीत राख कालवून सांधा लिंपला. पण धुराड्याची नळी तापलेली! ओली माती लागताच तडकायची आणि संध्याकाळी पोपडे खाली. पुन्हा लिंपली, पुन्हा पडली.

"अगं, चूल विझव आणि माती नीट वाळू दे," नवरा म्हणाला.

"ते मला का ठाऊक नाही? पण मग विस्तव कुणाकडून आणू? त्या शेवंतेकडून? त्यापेक्षा धूर बरा!"

घ्या! हट्टापुढे शहाणपण चालतं थोडंच? नवरा खोकत अंगणात जाऊन बसला.

अशात सून माहेरून तान्ह्या नातवाला घेऊन आली. काकूला आभाळ ठेंगणं झालं. पण घरात आल्यापासून पोर जे खोकायला लागलं, ते थांबेचना. डोळे लालभडक, दूधही जाईना. शेवटी सुनेने गाठोडं बांधलं.

"आत्याबाई, रागावू नका. या धुरात माझं बाळ तगायचं नाही. मी माहेरी परत जाते."

काकूने जळती लाकडं चुलीतून ओढून काढली, निखारे अंगणात नेले आणि त्यांवर घागर रिकामी केली.

"थांब पोरी. जाऊ नकोस."

चूल गार झाल्यावर काकूने सांधा पुन्हा लिंपला. माती वाळेपर्यंत घराने दहीपोह्यांवर भागवलं. आणि मग समोर शेवंतेच्या छपरातून धूर निघताना दिसला, तशी गोवरी घेऊन काकू तिच्या दारात उभी राहिली.

"शेवंता... विझली गं माझी."

"मग दारात काय उभ्या, काकू? आत या की!" शेवंतेने चिमट्याने सगळ्यात लाल निखारा निवडला आणि गोवरीवर ठेवला.

टोमणा आला असता तर काकूने सोसला असता. तो आलाच नाही, म्हणून तिला रडू फुटलं.

"मी तुला फार बोलले गं."

"बोललात खरं. पण विस्तवाला कधी नाही म्हणाला नाहीत."

काकूने घरी येऊन चूल पेटवली. सांधा धरून राहिला, धूर सरळ छपराबाहेर गेला. सुनेने गाठोडं सोडलं. बाळ दूध प्यायलं आणि आजीच्या मांडीवर गाढ झोपलं.

तात्पर्य काय, तर: दुसऱ्याच्या दारी मागायची लाज धरली, की आपल्याच माणसांना धूर खावा लागतो.