पाणी पोचवणारी झेलाबाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण नवाळखेड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानेही ती ऐकलेलीच आहे.

नवाळखेडं खानदेशातलं. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटावर सगळ्या गावाची वावरं. कोणाला कधी पाणी द्यायचं, पाटाचं दार कधी उघडायचं ते पाटकरी ठरवणार. तेव्हाचा पाटकरी होता भिवसन. माणूस ओळंब्यासारखा सरळ. पाळी म्हणजे पाळी. पाटलाचा ऊस वाळला तरी पाळीआधी थेंब मिळायचा नाही. असं म्हणतात, की तो बंधाऱ्यावर उभा राहिला की नदीसुद्धा पाळीची वाट बघत थांबायची. नदीचं देव जाणे, गाव मात्र थांबायचं.

त्याची बायको झेलाबाई, त्याच गावची लेक आणि त्याच गावची सून. तिच्या बापाचं, धुडकूआबांचं वावर पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. रोज दुपारी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन बंधाऱ्यावर यायची. भिवसन तोंडाने कधी काही बोलला नाही, पण सूर्य डोक्यावर आला की त्याचे डोळे पायवाटेला लागायचे. बायका चिडवायच्या, "पाटकऱ्याची एक वेळ पाळी चुकेल, पण झेलीची भाकर चुकायची नाही!"

एका वर्षी पाऊस अर्ध्यावरच निघून गेला. नदी सुतळीएवढी झाली. गहू ओंबीवर आला आणि झेलाबाई नवऱ्याला म्हणाली, "मना बापना वावरले पानी पोचनं नही."

"त्यास्नी पाळी व्हती तवय मी दार उघाडं. पाळी दिधी."

"पाळी दिधी, पानी नही. एकदाव शेवटलोंग चालीसन देखा."

"मी पहिले पाटकरी शे," भिवसन म्हणाला, "जावाई नंतर."

त्याला वाटलं, बायको माहेरासाठी वशिला लावते आहे. तिला वाटलं, इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या एका शब्दाला किंमत नाही. दोघंही मनाने खरे होते, आणि खऱ्या माणसांचं भांडण लवकर मिटत नाही. लबाडांचं बरं असतं, ते तडजोड करून मोकळे होतात. झेलाबाईने भाकरीचं फडकं बंधाऱ्यावर ठेवलं आणि ती बापाकडे निघून गेली.

नऊ दिवस भिवसनने स्वतःच्या हाताने भाकर थापली. एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने करपलेली. दुपारी पायवाटेवर कोणी दिसेना. तो पाळ्या मात्र नेमाने देत राहिला.

दहाव्या दिवशी धुडकूआबांची पाळी आली. या पाण्याने गहू भिजला नाही तर म्हाताऱ्याचं वर्षाचं धान्य गेलंच. भिवसनने सूर्य उगवताना दार उघडलं. पाणी पाटात उतरलं आणि त्याने मान वर केली, तर पलीकडच्या काठावर झेलाबाई वाकलेली. कोपरापर्यंत काळा चिखल. पाटाच्या काठात खेकड्यांनी केलेली बिळं ती बुजवत होती. नऊ दिवस शेवटच्या टोकापासून मागे मागे येत ती बंधाऱ्यापर्यंत पोचली होती. पण तिने बुजवला होता एकच काठ. रागच तो! आपला काठ आपण बुजवला, त्यांचा त्यांनी बुजवावा.

भिवसनच्या काठातून पाणी गळगळ आवाज करत नाल्याकडे चाललं होतं. बारा वर्षं त्याने इमानाने दार उघडलं होतं आणि बारा वर्षं दार उघडून तो तिथेच बसला होता. टोकाकडची माणसं कुरकुर करायची, त्यांना तो आळशी म्हणायचा. शरमेने त्याचं तोंड काळवंडलं. तो खाली बसला आणि त्याने चिखलात हात घातला.

मग दोघं निघाले. तो या काठाने, ती त्या काठाने. बोलणं नाही. पण आपण उभं असतो त्या काठाचं बीळ आपल्याला दिसत नाही, ते समोरच्यालाच दिसतं. झेलाबाई बोट दाखवायची, भिवसन बुजवायचा. थोड्या वेळाने तोही बोट दाखवू लागला, कारण तिच्या काठावरही चार बिळं राहूनच गेली होती. तिने रागाने पाहिलं, मग मुकाट्याने बुजवली. असं म्हणतात, की त्या दिवशी पाणी त्यांना सोडून पुढे गेलं नाही. ते बसले की पाणी थांबायचं, ते उठले की चालायचं. शेवटच्या बिळापाशी चिखलच सापडेना, तेव्हा भिवसनने डोक्याचा पटका काढून आत कोंबला. असं म्हणतात, त्या पटक्याचा दगड झाला. पीळ दिलेल्या कापडासारखा दगड तिथे आजही आहे.

पाट जसा टोकाकडे जातो तसा निमुळता होतो. बंधाऱ्यापाशी तीन बैल मावतील एवढा, शेवटी जेमतेम वीतभर. उन्हं कलताना दोघं तिथे समोरासमोर उभे राहिले. आता बोट दाखवायला काही उरलं नव्हतं. त्यांच्या पायांमधून पाणी वावरात शिरलं आणि धुडकूआबा रडत रडत ओरडले, "पोचनं! पोचनं वं माय!"

सगळ्या गावाला पाळी शिकवणारा भिवसन सासऱ्यादेखत म्हणाला, "चुकनं मनं."

झेलाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "भाकर खादी का?"

"करपेल खादी."

"चाला मग, घर जाऊत."

त्या वर्षी टोकाच्या वावरांत पहिल्यांदा खळं भरलं. भिवसन पुढेही तितकाच कडक राहिला, पण पाणी टोकाला पोचल्याचं कळल्याशिवाय घरी मात्र कधी गेला नाही.

आजही नवाळखेड्यात टोकाला पाणी पोचलं की तिथला माणूस "पोचनं!" अशी हाक देतो. ती हाक वावरावावरातून बंधाऱ्यापर्यंत येते आणि ऐकू येईपर्यंत पाटकरी जागचा हलत नाही. हंगामाचं पहिलं पाणी पोचलं की टोकाकडचे लोक पटक्याच्या दगडावर कळण्याची भाकर ठेवतात आणि झेलाबाईचं नाव घेऊन मगच आपला घास मोडतात. आणि गावात नवरा-बायकोचं बिनसलं तर कोणी पंच बसवत नाही. म्हातारी माणसं एवढंच सांगतात, "पाट चालीसन या." दोघं दोन काठांनी तोंडं फिरवून निघतात. घरचे दारात कान देऊन बसतात. बऱ्याच वेळाने लांबून हाक येते, पोचनं, आणि मग चुलीवर दोघांच्या भाकरीसाठी तवा चढतो.