सुपारीला सोंड

एकदा एक म्हातारे सर होते, जर्मन शिकवायचे, आणि शाल्मली नावाची त्यांची एक शिष्या होती. सर म्हणजे भारीच प्रकरण! चार-पाच भाषा तोंडपाठ, आणि वर्गात असे काही खाकरायचे की मागच्या बाकावरची डुलकी खाडकन उडायची. जर्मनीत नोकरीला निघालेल्या नर्सेस त्यांच्याकडे शिकायच्या. आणि नेमकी परीक्षा तोंडावर आली असताना सरांच्या घशाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी त्यांचं बोलणं बंद केलं. सरांनी पाटीवर लिहून सांगितलं, वर्ग शाल्मली घेईल.

आता झाली ना पंचाईत. पहिल्याच दिवशी सांगलीची वैजयंता सिस्टर म्हणाली, "मॅडम, सर कधी येणार?" ते शाल्मलीला असं लागलं की तिनं ठरवलं, यांना सरच हवेत ना, मग सरच देऊ. दुसऱ्या दिवसापासून तिनं सरांसारखं जाकीट घातलं, सरांचेच विनोद सांगितले, आणि हो, सरांसारखी खाकरायलाही लागली. विनोदांना कुणी हसेना. खाकरण्याचं तर विचारूच नका, वर्गात सगळ्या नर्सेस! एकीनं गुळण्यांसाठी हळद-मीठ आणून दिलं, दुसरीनं कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा नंबर. दोघीतिघींनी क्लास बदलायचं बोलायला सुरुवात केली. सरांनी इतक्या वर्षांत जमवलेला वर्ग आपल्या हातून फुटणार, या भीतीनं शाल्मलीची झोप उडाली.

पुढे सरांना हळू आवाजात थोडं बोलायची परवानगी मिळाली, म्हणून घरी छोटीशी पूजा ठेवली होती. शाल्मली गेली ती राजीनामा द्यायच्या तयारीनंच. सरांनी तिचं काही ऐकलं नाही. ताम्हनात तांदूळ घातले, सुपारी काढली, आणि ती मांडायच्या ऐवजी तिच्या हातात दिली. वर एक स्केचपेन.

"हिला सोंड काढ," म्हणाले.

शाल्मलीला वाटलं, औषधांचा परिणाम. तरी तिनं प्रयत्न केला. सुपारी हातातून निसटत होती, बोटं काळी झाली, आणि जे उमटलं ते गांडुळासारखं दिसत होतं.

"सर, सुपारीला सोंड कशाला? तांदळावर ठेवली की झालाच की गणपती."

"झाला ना? मग तू माझं खाकरणं कशाला काढतेस?"

वैजयंता सिस्टरनं सरांना फोन करून सगळं सांगितलं होतं तर.

मग सर अगदी हळू बोलले. "आजोबांना भेटायला कुणी आलं, की मूल दार उघडून सांगतं, 'ते बाहेर गेलेत'. या 'ते'ला लॅटिनवाले प्रोनोमेन म्हणतात, म्हणजे नावाच्या जागी आलेला शब्द. जर्मन फ्यूरवोर्ट म्हणतात, दुसऱ्या शब्दासाठी उभा राहिलेला शब्द. डेन्मार्क-नॉर्वेवाले स्टेडऑर्ड, जागेचा शब्द. त्यात आजोबांच्या नावाचं एक अक्षर नाही, तरी दारातला माणूस बरोबर समजतो. आणि आपण काय म्हणतो? सर्वनाम. सगळ्यांचं नाव. कुणाचंच सोंग घेत नाही, म्हणून कुणाच्याही जागी बसतं. मी तुला माझी जागा दिलीय गं, माझा घसा नाही."

शाल्मलीला एकदम हसू आलं, आणि डोळेही भरले. छातीवरचा दगडच उतरला. सरांनी दुसरी, कोरी सुपारी तांदळावर ठेवली आणि पूजेला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या कुर्त्यात, स्वतःच्या भरभर बोलण्यात वर्गात गेली. सरांचा धडा पुढे नेला, पण उदाहरणं दिली वॉर्डातली: सलाईन संपलंय, पेशंट झोपलाय, नातेवाईक ऐकत नाहीत. शेवटच्या उदाहरणाला अख्खा वर्ग हसला.

तास संपल्यावर वैजयंता सिस्टरनं परत विचारलंच, "मॅडम, सर कधी येणार?"

"येतील की," शाल्मली म्हणाली. "तोवर मी आहे."

सिस्टर म्हणाली, "घसा सुटला वाटतं तुमचा." आणि पिशवीतून वही परत बाहेर काढून म्हणाली, "मग ते मघाचं नातेवाइकांचं एकदा परत सांगा."