यसाक्काचा पाय

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची ते विचारू नका. ज्यांनी ती सांगितली त्यांच्या आज्यांनीही ती म्हाताऱ्यांच्याच तोंडून ऐकली होती.

हिवरखडी गावात यसाक्का नावाची एक बाई राहत होती. यसाक्का पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून ती डोक्याकडून नाही, पायांकडून जगात आली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण निघते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण यसाक्काच्या पायाची गोष्टच न्यारी. कंबर धरलेली माणसं तिच्या दारी बैलगाडीतून आडवी येत आणि आपल्या पायांनी चालत परत जात. एकदा तिनं बसकण मारलेल्या बैलाला पाय लावला, तर तो दावं तोडून जो पळाला तो शिवेवरच सापडला, असं म्हणतात.

पायाळूचे नेम कडक होते. कुणाकडून काही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि दारी आलेल्याला पाय नाकारायचा नाही. नाकारला की पायातला गुण गेला. शिवाय पायाळू माणसावर वीज पडते, असं लोक मानत. म्हणून आभाळ भरून आलं की ही धीट बाई घरात शिरून दार लावून घेई.

गावात तालीम होती आणि तालमीचा वस्ताद होता दौलू. माणूस वाईट नव्हता, पण त्याला एकच औषध ठाऊक होतं, मेहनत. पोरगं दमलं, मार आणखी बैठका. पोराला कणकण आली, काढ घाम. ‘दुखतंय’ हा शब्द त्याच्या तालमीत शिवीसारखा होता. तो कुणी तोंडातून काढत नसे.

त्या तालमीत बिरू नावाचा पोरगा होता. धनगराचा, आईबापाविना वाढलेला. ओठावर मिसरूड फुटलं नव्हतं, पण अंगात रेड्याचं बळ. शेजारच्या बोरखडीनं कैक जत्रांत मानाची गदा नेली होती. ती परत आणील तर बिरूच, असं गावानं ठरवून टाकलं. बिरूला कुणी विचारलं नाही. गावाची अब्रू राखायला गावाला नेहमी दुसऱ्याचंच पोर सापडतं.

मग बिरूची पाठ दुखायला लागली. पुढं वाकला तर निभायचं, पण मागं रेलला की कमरेत अशी कळ उठायची की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पोरानं दातओठ खाऊन सोसलं. शेवटी जत्रा तोंडावर आली असताना एका सकाळी तो मातीत पडला तो उठेचना.

“उसण भरली असंल,” वस्ताद म्हणाला, आणि चौघांनी बिरूला उचलून यसाक्काच्या अंगणात पालथा घातला.

यसाक्कानं पदर खोचला आणि पाय हलकेच त्याच्या कमरेवर टेकवला. टेकवला आणि विस्तवावर पडावा तसा मागं घेतला. उसण तिच्या पायाला गाठीसारखी लागायची. इथं गाठ नव्हती. इथं आत चीर होती, रांजणाला जाते तशी.

“दौलू, ही उसण न्हवं,” ती म्हणाली. “हाड चिरलंया पोराचं. निजवून ठेव त्याला. सांधंस्तवर मातीत उतरवू नगंस.”

“आक्का, जत्रा परवा हाय.”

“मग जत्रा गेली उडत.”

“तू पाय लावतीस, का न्हाई म्हणतीस?”

न्हाई म्हटलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. पण यसाक्का न्हाईच म्हणणार होती. जन्माचा गुण गेला तर जावो, असं तिनं मनात ठरवलंही होतं, असं म्हणतात. तेवढ्यात पालथं पडलेलं पोर कण्हलं.

“लाव गं आक्का. लई दुखतंया. सोसंना.”

त्या हाकेनं तिचं काळीज विरघळलं. तिनं पाय लावला.

कळ गेली. दिवा मालवावा तशी गेली. बिरू टुणकन उठला, त्यानं शड्डू ठोकला, गडी हसायला लागले. यसाक्का मागून ओरडत राहिली, “आरं, कळ गेलीया, चीर न्हाई गेली!” पण गावानं तिचा पाय तेवढा घेतला. तिचा शब्द अंगणातच राहिला.

जत्रेत बिरूनं बोरखडीचा पैलवान डोक्यावर उचलला आणि मागं रेलून मातीत असा आपटला की धुरळा कळसाला लागला. हलगी कडाडत होती, तरी हाड मोडल्याचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात. गदा हिवरखडीला मिळाली. बिरूला घोंगडीत घालून आणावं लागलं.

यसाक्का त्याच्या उशाशी जाऊन बसली. “दुखतंय का रं लेकरा?”

“न्हाई, आक्का. कायसुदिक दुखत न्हाई,” बिरू म्हणाला. “माजं पाय हायेत का, तेवढं बघ.”

यसाक्कानं त्याच्या तळपायाला चिमटा घेतला, त्याला कळलाही नाही. दुखणं हे त्या पोराच्या पाठीचं राखणदार होतं, आणि ते आपणच हाकलून दिलं, हे तिला उमगलं. तिनं पुन्हा पाय लावला, रोज लावला. पण तिच्या पायाला दुखणं घेणं ठाऊक होतं, परत देणं ठाऊक नव्हतं. ती अन्नाला शिवेना. दौलू रोज तिच्या दाराशी येई आणि मान खाली घालून परत जाई.

आणि एका दुपारी वळवाचं आभाळ फुटलं. गावानं दारं लावली, यसाक्कानं आपलं उघडलं. अनवाणी चालत ती तालमीच्या मातीत जाऊन उभी राहिली. दौलू मागून धावला. त्यानं तिचं बोलणं ऐकलं.

“त्याची कळ त्याला परत दे,” ती आभाळाला म्हणाली. “माज्या पायातनं गेली, माज्याच पायातनं धाड.”

वीज पडली. मातीत यसाक्का उरली नाही. नुसती काळी पावलं उरली, असं म्हणतात. आणि त्याच घटकेला तिकडं खोपटात बिरू किंचाळला. त्याचे पाय दुखत होते. तो गुरासारखा ओरडत होता आणि ते ऐकून गाव रडत होतं. पुढं तो काठीवर उभा राहिला, पण ताठ कधीच झाला नाही. कळ त्याला जन्मभर पुरली. त्या कळेबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही, आणि ती काढायला कुणाचा पाय लावून घेतला नाही.

आजही हिवरखडीच्या जत्रेत कुस्त्यांआधी दोन्ही गावचे पैलवान मातीत पालथे निजतात. वस्ताद गुडघे टेकून एकेकाच्या कमरेवर हात ठेवतो आणि विचारतो, “दुखतंय का रं?” जो होय म्हणतो त्याला यसाक्काच्या नावाचा फेटा बांधतात आणि वाजतगाजत घरी पोचवतात. त्याला कुणी हसत नाही.

आणि जो न्हाई म्हणतो, त्याच्या पाठीवरचा हात वस्ताद लगेच काढत नाही. तो हात तसाच ठेवून पुन्हा विचारतो.