पहिल्या ताटाची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा आणि कडेवरची पोरं खाली सोडा, रांगू द्या त्यांना. पोर कडेवर असलं की निम्मा कान त्याच्याकडे असतो, आणि ही कहाणी निम्म्या कानानं ऐकायची नाही.

नदीकाठी एक नगर होतं, आटोपशीर, नांदतं. नगरात तांबटांची आळी होती. आळीत एक घर होतं. घरात म्हातारा तांबट, त्याची बायको, एक मुलगा आणि एक सून. सुनेचं नाव येसू. येसूला एक लेक, नुकतं पाचवं लागलेली, तिचं नाव गोदी. आणि पाळण्यात एक तान्हा मुलगा. खाऊन पिऊन सुखी घर. दृष्ट लागावी असं, आणि ती लागलीही, पण बाहेरच्या कुणाची नाही.

उजाडलं की बापलेक सोप्यात बसत. तांब्याचा पत्रा घेत, हातोडा उचलत. ठण ठण ठण. आळीभर तोच आवाज. तान्ह्याची अंगाई तीच. ठोके चालू असले की तो निजे. ठोके थांबले की जागा होई आणि टाहो फोडी. आता ठोके थांबायचे कधी? तर जेवणाच्या वेळी.

मग काय होई? दुपार होई. हातोडे खाली पडत. पुरुष हातपाय धुऊन पाटावर बसत. तान्हा रडू लागे. येसू त्याला खांद्यावर टाकी आणि एका हातानं वाढी. पुरुष जेवत. मग सासू जेवी. मग येसू भांड्यात पाही. कधी तळाशी चमचाभर वरण असे, कधी करपलेली भाकरी असे, कधी नुसतं भांडंच असे. असेल ते ती उभ्यानं खाई, नसेल तेव्हा तांब्याभर पाणी पिई. कुणी विचारलंच तर म्हणे, “माझं झालं.” घरात कुणी दुष्ट नव्हतं, बरं का. सासू वाईट नव्हती, नवरा वाईट नव्हता. सगळे आपले रीतीला धरून होते.

तान्हा येण्याआधी गोदी आईच्या मांडीवर बसून जेवी. चिऊचा घास, काऊचा घास. आता मांडीवर तान्हा. गोदी ताटाशी रडू लागली. आजी म्हणाली, “मोठी झालीस आता, आपल्या हातानं जेव.” गोदीनं ऐकलं. गोदी रुसून बसली. आजोबा म्हणाले, “मोठी झालीस आता, रुसायचं नाही.” गोदीनं ऐकलं. गोदीनं आईचा पदर धरला. येसूच्या एका हातात परात, एका हातात पोर. ती म्हणाली, “मोठी झालीस ना आता? सोड पदर.” गोदीनं पदर सोडला.

मग गोदी रडेना, रुसेना, काही मागेना. ताट वाढलं की म्हणे, “मी नंतर जेवते.” सगळे म्हणाले, किती शहाणी पोर. पोर शहाणी झाली की घरातलं कुणी तिच्याकडे बघत नाही, तसंच झालं. ती जेवली की नाही हे कुणी पाहिलं नाही. भाद्रपद गेला, दिवाळी गेली, होळी गेली. पोर वाळत चालली. गळ्याची हाडं दिसू लागली. एके दिवशी उंबरा चढताना ती बसली, ती उठेचना.

तेव्हा घर जागं झालं. वैद्यानं काढा दिला, गुण आला नाही. आजीनं मीठमोहऱ्या उतरवल्या, गुण आला नाही. बापानं बाजारातून बत्तासे आणले, तिनं ते मुठीत धरले आणि तान्ह्याच्या उशाशी नेऊन ठेवले. येसूनं जवळ घेऊन विचारलं, “गोदे, भूक नाही का गं?” गोदी म्हणाली, “माझं झालं.” येसूनं तिला आणखी जवळ ओढलं. पण तो बोल कुणाचा, हे तिच्या तेव्हाही ध्यानात आलं नाही.

मग श्रावण आला. शुक्रवार आला. घरात जिवतीचा कागद भिंतीला लावला, आघाड्याची माळ घातली, पुरणाचे दिवे केले. सासूनं एका लेकुरवाळीला जेवायला सांगितलं होतं. ती आली नाही. दुसरीच एक बाई दारात उभी राहिली. एक पोर कडेवर, एक बोटाशी, एक पाठीशी बांधलेलं. लुगड्याला ठिगळ, पण कपाळ कुंकवानं भरलेलं. ती म्हणाली, “सवाष्ण हवी होती ना? मी आले.”

सासूनं पाट मांडला, पान वाढलं. बाई बसली, पण पानाला हात लावीना. म्हणाली, “या घरची लेकुरवाळी कुठं आहे? तिला माझ्या शेजारी बसवा.”

सासू म्हणाली, “ती नंतर जेवेल. तिचं रोजचंच आहे ते.”

भिंतीला टेकून गोदी बसली होती. ती म्हणाली, “मीपण नंतर जेवीन.”

बाईनं विचारलं, “का गं बाळ?”

“मी मोठी झाले. मोठ्या बायका नंतर जेवतात.”

“आणि नंतर काही उरलं नाही तर?”

“पाणी पितात. आणि झालं म्हणतात. आई तसंच करते.”

 सासूच्या हातातला डाव हातातच राहिला. येसू जागच्या जागी खाली बसली. तिला आपली लाज वाटली, लेकीची कीव आली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. ती बाईच्या पाया पडली. म्हणाली, “माझी पोर चालली हो माझ्या डोळ्यांदेखत. काही वसा सांगा. काय म्हणाल ते करीन.”

बाई म्हणाली, “वसा सोपा आहे, निभावणं कठीण आहे. देवाचा नैवेद्य झाला की घरातलं पहिलं ताट तू घे. सोप्यात हातोडे चालू असताना घे, म्हणजे तान्हं निजलेलं असेल आणि मांडी मोकळी असेल. लेकीला शेजारी बसव. ऊन ऊन जेव. पोटभर जेव. तिला जेव म्हणून सांगायचं नाही, सांगून ती ऐकणार नाही. तू जेवायचंस आणि तिनं बघायचं. ताटावरून मात्र उठायचं नाही. ज्या दिवशी पोर आपल्या तोंडानं तुझ्याकडे मागेल, त्या दिवशी वसा फळला म्हण. पण चार जणी हसतील, घरचे रुसतील. मग टाकशील.”

येसू म्हणाली, “हसोत, रुसोत. मी टाकणार नाही.”

बाई जेवली, तृप्त झाली, पोरं घेऊन निघून गेली. ती कोण होती ते तुम्हीही जाणता, मीही जाणते.

दुसरा दिवस उजाडला. येसूनं स्वयंपाक केला, देवाला दाखवला. सोप्यात हातोडे चालू होते. तिनं एक ताट वाढून घेतलं, गोदीला शेजारी बसवलं आणि भातावर वरण ओतलं. सासू म्हणाली, “पुरुष उपाशी आणि सून पाटावर. उलटी गंगा वाहायला लागली आमच्या घरात.”  येसू पाणी प्यायली, पुन्हा घास घेतला, उठली नाही. गोदी टक लावून बघत होती. ताट निम्मं झालं. तेव्हा गोदीनं भाताचं एक शीत उचललं आणि तोंडात टाकलं.

असं काही दिवस चाललं. शिताचा चिमूटभर भात झाला, चिमटीचा घास झाला. आळीतल्या बाया पाणवठ्यावर बोलू लागल्या. “तांबटाच्या सुनेला बकासुरानं धरलंय.” येसू घागर भरी आणि घरी येई. बोलणाऱ्यांच्या बोलण्यानं कुणाच्या पोरीच्या अंगावर मांस चढत नाही.

एके दिवशी नवऱ्याला भूक आवरली नाही. त्यानं मध्येच हातोडा टाकला. तान्हा किंचाळून उठला. येसू सवयीनं ताटावरून उठली. लगेच गोदीही उठली. हातातला घास तिनं ताटात परत ठेवला आणि पाण्याच्या घड्याकडे गेली. त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग येसू सोप्यात गेली. कधी नवऱ्यापुढं मान वर न केलेली बाई, पण उभी राहिली आणि म्हणाली, “तुमची भूक मला कळते. पण माझं ताट होईपर्यंत हातोडा खाली ठेवायचा नाही. पोर तुमचीही आहे.” नवरा खाली बघत म्हणाला, “नाही ठेवणार.” आणि त्या दिवसापासून म्हातारा आपणहून येसूचं ताट होईपर्यंत ठोके लांबवू लागला.

मग नदीला पूर आला. तांबं घेऊन येणारे बैल पलीकडच्या काठी अडकले. घरातलं तांबं संपलं. सकाळी बापलेक सोप्यात आले आणि रिकाम्या ऐरणीपुढे बसून राहिले. म्हातारा म्हणाला, “सूनबाई, आज ठोका नाही. रिकामी ऐरण वाजवली तर घरात अवदसा येते. तुझा वसा राहू दे आजचा.”

येसू म्हणाली, “मामंजी, एकदा उठले तर दोन दिवस पोर उपाशी राहिली. तिच्या अंगात आता दोन दिवसांचं बळ नाही.” तिनं ताट वाढलं. वाफ वर येत होती. पाळण्यात चुळबुळ सुरू झाली. येसू ताटापुढं बसली, हात मांडीवर ठेवून, आणि उठली नाही. तान्हा रडू लागला. उठली नाही. तिच्या छातीत पान्हा दाटला, डोळे भरले, उठली नाही.

तेव्हा माजघरात खडखड झाली. सासूनं आपल्या माहेरचं घंगाळ काढलं होतं. लग्नात आलेलं, आरशासारखं गुळगुळीत, आजवर कुणाला हात लावू न दिलेलं. ते तिनं सोप्यात नेलं आणि ऐरणीवर ठेवलं. म्हणाली, “याला मठार घाला.” मठार म्हणजे भांड्याच्या अंगभर हातोडीनं खळगे ठोकायचे.

म्हातारा म्हणाला, “अगं, तुझ्या आईचं घंगाळ ते.”

सासू म्हणाली, “घाला म्हणते ना. ते झालं की हंडा घ्या, हंडा झाला की कळशी घ्या. घरात भांडी काही कमी नाहीत.”

ठण ठण ठण. ठोके सुरू झाले. तान्हा हुंदके देत देत निजला. येसूनं भात कालवला, पहिला घास घेतला. गोदीनं आईकडे बघितलं. मग ती हळूच सरकली, आईच्या मोकळ्या मांडीवर चढून बसली, आणि म्हणाली, “आई, मला भरव.”

येसूनं घास केला. चिऊचा केला, काऊचा केला.  गोदी जेवली. आणखी दे म्हणाली. येसूनं आणखी दिलं. मग गोदीनं दाराकडे पाहिलं. दारात आजी उभी होती. गोदी म्हणाली, “आजी, तूपण ये. नंतर काही उरत नाही.”

 आजी आली, पाटाच्या कडेला बसली. येसूनं तिच्यापुढं ऊन भात सारला, वर तूप घातलं. सासूनं घास तोंडात घातला आणि पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, “सून होते तेव्हा म्हणायची, सासू झाले की ऊन जेवीन. सासू झाले तोवर गारच गोड लागायला लागलं. चव विसरले होते गं येसू.”

तिघी एका ताटात जेवल्या. सोप्यात बापलेक उपाशीपोटी घंगाळ ठोकत होते, आणि ताट पुसून होईपर्यंत एकानंही हातोडा खाली ठेवला नाही.

येसूला जिवती पावली, तशी ती तुम्हां आम्हां पावो. लेकरं मागती राहोत, आयांची ताटं वाफेची राहोत. ऐकलंत ते घरी जाऊन सांगा, सांगून भागलं नाही तर करून दाखवा. साठ बोलांची कहाणी, पाच बोलांत आवरली. फळाला आली, पुरी झाली.