बोडक्या डोंगरावरची वहाणांची खोली

नदीकाठच्या एका गावात एक नावाडी राहायचा, आणि गावातला पहिल्या नंबरचा दारुडाही तोच होता. एकदा प्यालेला असतानाच त्याने होडी पाण्यात घातली आणि भर नदीत उलटवली. माणसं कशीबशी वाचली. नावाड्याला मात्र अशी काही लाज वाटली की तो तडक गावामागच्या बोडक्या डोंगरावर जाऊन बसला. वर पाण्याचं एक टाकं होतं आणि एक पडकी धर्मशाळा होती. दारू मात्र नव्हती, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

आणि काय सांगू, त्याची दारू सुटली! बातमी खाली गेली. मग एक कुंभार वर आला, त्याच्यामागे एक तेली आला, एक पाटलाचा जावई आला. सगळे प्यायचे आणि सगळ्यांना सोडायची होती. नावाडी त्यांना पेज करून घालायचा, त्यांचे थरथरते हात रात्रंदिवस धरून बसायचा. सगळे त्याला दादा म्हणायला लागले.

दादाने एकच नियम घातला होता. वर आलेल्याने आपल्या वहाणा पडवीतल्या खुंटीला टांगायच्या आणि चाळीस दिवस त्यांना हात लावायचा नाही. डोंगराची वाट म्हणजे बाभळीचे काटे आणि तापलेला काळा दगड, तिथून अनवाणी कोण उतरणार? पण खरी गंमत पुढेच आहे. वहाणा राहायच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मनात आलं तर कोणीही उठून पायात घालाव्यात आणि चालू पडावं, अडवायला कोणी नव्हतं. समोर असून घालायच्या नाहीत, हेच तिथलं औषध होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी ज्याने त्याने आपल्या वहाणा स्वतः काढून घ्यायच्या. मग काय थाट! सगळे थाळ्या बडवत त्याला कड्यापर्यंत सोडायला जायचे. खाली डोंगराच्या पायथ्याशीच दारूचा गुत्ता होता. माणूस त्याच्यापुढून सरळ निघून गेला की वर नुसता जल्लोष व्हायचा. असे साठ-सत्तर संसार त्या डोंगराने परत उभे केले. पहिले आलेले कुंभार, तेली नि पाटलाचा जावई मात्र बरे झाल्यावरही दादाच्या मदतीला येऊन-जाऊन वर असायचे.

पण कौतुकसुद्धा माणसाला चढतं. एकदा बरा झालेला एक व्यापारी जाताना दादाच्या पाया पडला. दादाने झटकन पाय मागे घेतले. दुसऱ्याच्या वेळी जरा सावकाश घेतले. तिसऱ्याच्या वेळी घेतलेच नाहीत. पुढे व्यापाऱ्याने वर देऊळ बांधून दिलं, आरती सुरू झाली आणि दादाचे तारकबाबा झाले. टाक्याचं पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत मिळायला लागलं.

याच सुमारास खालच्या गावातला बयाजी सुतार वर आला. हात सोन्याचा, पण पहाटेपासून प्यायचा. बायको गोजरा तीन महिन्यांची गरोदर होती. तिने त्याला पायथ्यापर्यंत सोडलं आणि पोराचं तोंड शुद्धीत बघायचं असेल तर वर जा, असं सांगून ती परत फिरली.

पंधरा दिवसांत बयाजीचे हात थांबले. त्याला इतका आनंद झाला की बाबांसाठी काय करू नि काय नको असं होऊन गेलं. तेवढ्यात एका कुत्र्याने पडवीतली एक वहाण पळवली. बयाजीने उत्साहाने शेजारच्या खोलीला सागवानी दार करून दिलं, जाड कडी-कोयंड्याचं. सगळ्यांच्या वहाणा आत गेल्या, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली बाबांच्या कमरेला आली. दार इतकं सुरेख झालं होतं की सगळे त्याच्या कारागिरीवर खूष झाले. आपण काय करून बसलो हे ना त्याच्या लक्षात आलं, ना इतरांच्या.

एक्केचाळिसाव्या दिवशी तो हौसेने किल्ली मागायला गेला. बाबा हसले आणि म्हणाले, "दारू अंगातून गेली रे. मनातून गेली असं कोण म्हणतं?" बयाजी विचारात पडला. खरंच, कोण म्हणतं? त्या दिवशी थाळ्या वाजल्या नाहीत, आणि पुढेही कधी वाजल्या नाहीत. बरा झाल्यासारखा प्रत्येक जण दिसत होता, पण बरा झाला असं कोणालाच सांगितलं जात नव्हतं. घरच्यांचं भेटायला येणंही बंद झालं. घर म्हणजे गुत्त्याची पहिली पायरी, असं बाबा शिकवायचे आणि सगळे माना डोलवायचे. म्हातारा कुंभार एकदा बयाजीजवळ हळूच बोलला की मला नातवाची फार आठवण येते. बयाजीने ते जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी कुंभाराला तीन दिवस उपाशी ठेवलं, आणि बयाजीला वाटलं आपण त्याचं भलंच केलं. हे त्याच्या हातून घडलं, ते काही लपवायला नको.

बयाजीला वर येऊन सहा महिने होऊन गेले. एक दिवस भल्या सकाळी बयाजीची बहीण कोंडाबाई डोंगर चढून आली. ही बाई अशी की तिच्यापुढे गावचा कोतवालसुद्धा आवाज खाली आणायचा. वर आता दगडी गडगा नि फाटक झालं होतं; तिला आत घेतलं नाही, तेव्हा ती गडग्याबाहेरूनच बोलली.

"बयाजी, तुला पोरगी झाली. उद्या बारावा दिस, बारसं हाय. गोजरानं निरोप धाडलाय. तू आलास तर पाळणा तुझ्या हातानं टांग. न्हाई आलास तर आम्ही पोरीला लुगड्याच्या झोळीत घालू नि नाव ठेवू. पर त्यापुढं गोजरा तुझी वाट बघायची न्हाई."

एवढं बोलून ती निघाली. बयाजी रात्रभर तळमळला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीनंतर त्याने सगळ्यांदेखत बाबांकडे एका दिवसासाठी वहाणा मागितल्या.

बाबांना राग आला, पण चेहरा शांत ठेवून ते म्हणाले, "वहाणा मिळणार नाहीत. जायचं तर असाच जा. गुत्त्यापाशी तुझे पाय आपोआप आत वळतील." मग सगळ्यांकडे वळून त्यांनी फर्मावलं, "चला, कड्यावर उभे राहा. माझा हात सुटला की माणसाचं काय होतं ते बघा."

खरं सांगायचं तर बयाजीला स्वतःचीच खात्री नव्हती. पाय आत वळले तर? पण लेकीचं नाव आपल्यावाचून ठेवलं जाईल हे त्याच्याने सोसवेना. त्याने पहिलं पाऊल टाकलं.

काय ती वाट! पाच पावलांत टाच फाटली. ऊन चढत होतं, दगड तापत होता, आणि वर कड्यावर चाळीस माणसं श्वास रोखून बघत होती. बयाजी घसरला, उठला, लंगडत पुढे निघाला. शेवटी पायथा आला, आणि आला तो गुत्ता.

गुत्तेवाला दारातच उभा होता. जुनं गिऱ्हाईक बघून त्याने भरलेला पेला पुढे केला आणि तुझ्याकडून दाम नको म्हणाला. त्या वासाने बयाजीच्या तोंडाला पाणी सुटलं. तो थांबला. आणि मग, वरून सगळ्यांनी स्पष्ट पाहिलं, तो गुत्त्याबाहेरच्या बाकावर बसला!

वर तेल्याने डोळे मिटून घेतले. बाबा हसले आणि म्हणाले, "बघितलंत?"

खाली बयाजीने पेल्याकडे पाहिलंही नाही, कारण पाहिलं असतं तर उचलला असता. मान खाली घालून तो गुत्तेवाल्याला म्हणाला, "पायात काटा मोडलाय. सुई असली तर दे."

गुत्तेवाल्याला आयुष्यात कोणी सुई मागितली नव्हती. गोंधळून त्याने आतून गोधडी शिवायची सुई आणून दिली. बयाजीने काटा काढला, सुई परत दिली, राम राम केला आणि उठून गावाच्या वाटेला लागला. झपाझप चालत सुटला!

कड्यावर म्हातारा कुंभार पुढे झाला आणि अनवाणीच उतरायला लागला. बाबांनी त्याला थांब म्हणून सांगितलं, पण त्याने ऐकलं नाही. त्याच्यामागे तेली निघाला, पाटलाचा जावई निघाला आणि मग सगळा डोंगरच खाली लोटला. कोणी ओरडत होतं, कोणी रडत होतं, कोणी काट्याला शिव्या घालत होतं. त्यांतला एक जण गुत्त्यात शिरला, हेही सांगायला हवं. एकोणचाळीस जण घरी गेले.

बयाजी पोहोचला तेव्हा बायका झोळी बांधतच होत्या. त्याने माळ्यावरचा जुना पाळणा उतरवला, ढिली कडी ठोकून बसवली आणि आढ्याला टांगला. कोंडाबाईने आत्याच्या मानाने पोरीच्या कानात 'मंजुळा' असं नाव सांगितलं. गोजराने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं आणि गरम पाण्याचं घंगाळ पुढे सरकवलं. ती म्हणाली, "आधी पाय शेका. बाकीचं मागनं बोलू." बयाजीला रडू कोसळलं.

चार दिवसांनी पाय भरत आल्यावर तो आधी कुंभाराकडे गेला आणि चुगलीची माफी मागून आला. मग हातोडी-पटाशी घेऊन पुन्हा डोंगर चढला. आपणच केलेलं दार आपणच काढावं, आणि ज्याच्या त्याच्या वहाणा घरी पोचवाव्यात, एवढंच त्याच्या मनात होतं.

बाबा देवळाच्या पायरीवर एकटेच बसले होते. आरती नव्हती, तीर्थ नव्हतं. दाढी वाढलेली. बयाजीने दार उतरवलं, वहाणा पोत्यात भरल्या आणि न राहवून विचारलं, "तुम्ही कधी येणार खाली?"

ज्या आवाजात ते पूर्वी पेज वाढताना बोलायचे, त्या आवाजात ते म्हणाले, "सात वर्षं झाली बयाजी. एकदाही उतरलो नाही. त्या गुत्त्यापुढून मला जाता येणार नाही रे. मला जमणार नाही, म्हणून वाटलं कुणालाच जमणार नाही."

बयाजीला राग आलेला होता, तो तसाच होता. तरी त्याने पोतं एका खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात पुढे केला. "उठा दादा. मी हाय संगं," तो म्हणाला.

दोघे हळूहळू उतरले. पायथ्याशी आल्यावर दादाचा हात थरथरायला लागला, तसा बयाजीने तो घट्ट धरला. गुत्ता मागे पडेपर्यंत बयाजी दादाला आडोसा करून गुत्त्याच्या बाजूने चालत होता.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: आपल्याला सावरणाऱ्याचे उपकार जरूर मानावेत, पण घरी परत जायची मुभा त्याच्या हाती कधी देऊ नये; आणि ज्याने दुसऱ्याला सावरलं, त्याने तो चालू लागला की आनंदाने हात सोडावा.